बरा न होणारा आजार आधी कळावा का?



खोडदच्या शिवारातील दुर्बिणीच्या अँटेना आपण रोज पाहतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना या परिसरात पसरल्या आहेत आणि आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. त्या लहरी जिथून निघाल्या, तिथले आपण काहीही बदलू शकत नाही. तरी शास्त्रज्ञ ते जाणून घेतात आणि त्यात कोणाचे नुकसान होत नाही. दूरच्या ताऱ्याची हकिगत कळली म्हणून कोणाची झोप उडत नाही. पण उद्या माझ्याच मेंदूत काय बिघडणार आहे हे आज कळले आणि त्यावर औषध नसले तर? असे ज्ञान मिळवावे का? आणि ते कोणाला सांगणे हे आपले कर्तव्य आहे का? या रविवारी आपण या प्रश्नाचा विचार करू.

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. पूर्वीच्या एका धर्मग्रामात चाळिशीतले एक गृहस्थ होते. चालताना त्यांचा तोल जाई, जीभ जड झाली होती, शब्द अडखळत येत. गावाने ठरवून टाकले की हा पितो. आम्हीही तेच मानले. एकदा मिस्सानंतर त्यांना बाजूला घेऊन दारूच्या व्यसनावर चार शब्द सुनावले. "फादर, मी थेंबही घेत नाही," एवढेच ते म्हणाले. आम्हाला ते खरे वाटले नाही. पुढे शहरातील रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा कळले की त्यांचा लहान मेंदू, म्हणजे शरीराचा तोल सांभाळणारा भाग, हळूहळू झिजत आहे. त्यांच्या वडिलांनाही हाच आजार होता आणि तेही गावात दारुडे म्हणूनच मेले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "बरं होणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. पण मी खोटं बोलत नव्हतो, एवढं तरी सगळ्यांना कळलं."

अशा आजारांना आपल्या देशात ओळख मिळाली, त्यामागे मुंबईतील एका डॉक्टरांचे दीर्घ परिश्रम आहेत. डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ साली सुरतेला पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले आणि १९५७ साली परत येऊन जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांच्या रुग्णांवर उपचार करू लागले. पुढे त्यांनी जसलोक रुग्णालयात अनेक वर्षे काम केले. १९७१ साली त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांची हकिगत प्रसिद्ध केली. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांचा तोल जात होता. पण वाडियांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. आपली नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर झटकन उडी घेते. या रुग्णांची नजर सावकाश सरकत होती. त्या काळी आपल्याकडे सीटी स्कॅनही नव्हता. रुग्णाला समोर बसवून त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहणे आणि घरात आणखी कोणाला असे होते का हे विचारणे, हीच तपासणी.

तब्बल २५ वर्षांनी, १९९६ साली, या आजाराचे जनुक सापडले. आपल्या आनुवंशिक लिपीतील तीन अक्षरांचा एक तुकडा बहुतेक निरोगी माणसांत या ठिकाणी २२ वेळा लागोपाठ येतो. तो ३५ किंवा अधिक वेळा आला तर आजार होतो. १९९८ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, वाडियांनी सहकाऱ्यांसह सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास त्याच नियतकालिकात मांडला. जनुकाच्या चाचणीच्या उजेडात त्यांनी त्या मंद नजरेचे महत्त्व पुन्हा दाखवून दिले. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ साली ते निवर्तले. आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही.

मग कोणी म्हणेल, एवढ्या वर्षांच्या कष्टाचा उपयोग काय? आम्हाला वाटते, याचे उत्तर त्या गृहस्थांनीच दिले. औषध मिळाले नाही, पण न्याय मिळाला. ज्या आजाराला नाव नसते, त्याला लोक आपल्या मनाने नाव देतात: दारू, बाहेरची बाधा, पूर्वजांचे पाप. खरे नाव कळले की निदान दोषाचे ओझे उतरते. उपाय न करता येणारे ज्ञानही माणसाची लाज राखू शकते.

परंतु प्रश्न इथे संपत नाही. ज्याला आजार झाला आहे त्याला नाव कळणे वेगळे आणि आज धडधाकट असलेल्याला भविष्य कळणे वेगळे. हा आजार आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. रक्ताच्या चाचणीने ते आधी कळू शकते. ती करावी का?

अमेरिकेतील संशोधक नॅन्सी वेक्सलर यांची हकिगत इथे आठवते. त्यांच्या आईचा मृत्यू हंटिंग्टन नावाच्या अशाच आनुवंशिक मेंदूविकाराने झाला. वेक्सलर यांनी व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांत वर्षानुवर्षे जाऊन नमुने गोळा केले आणि त्या कामातून १९९३ साली जनुक हाती आले. जगाला चाचणी मिळाली. पण स्वतःविषयी त्या कितीतरी वर्षे जाहीरपणे काही बोलत नसत. २०२० साली त्यांनी सांगितले की तो आजार आपल्यालाही झाला आहे. ज्ञानासाठी आयुष्य वेचणाऱ्या व्यक्तीनेही स्वतःच्या दाराशी थोडा पडदा राखला, याला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही. आपले भविष्य न विचारण्याचा अधिकार माणसाला आहे.

या अधिकाराला मर्यादा आहे का? त्या गृहस्थांची मुलगी लग्नाची झाली, तेव्हा तिने आम्हाला हेच विचारले. चाचणी करायची तिची तयारी नव्हती. नातेवाईक म्हणत होते, "स्थळाला वडिलांचं काही सांगू नका, सांधेदुखी आहे म्हणा." नीतिशास्त्र मौन आणि असत्य यांत फरक करते. चाचणी न करणे हे मौन आहे. ते तिचे स्वतःचे आहे. पण जो माणूस आपले आयुष्य तिच्याशी बांधणार आहे, त्याला वडिलांच्या आजाराविषयी खोटे सांगणे म्हणजे त्याचा निर्णय त्याच्याकडून चोरणे होय. आम्ही तिला एवढेच सांगितले. तिने मुलाकडच्यांना सर्व खरे सांगितले. ते स्थळ मोडले.

"फादर, मी चुकले का?" असे तिने नंतर विचारले. ती चुकली नव्हती. पण तिला धीर देताना आम्हालाच अपराधी वाटत होते. सत्य बोलायला आम्ही सांगितले आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजली. मुलाकडचे लोक वाईट नव्हते. आजार कळला की लोक काय बोलतात, याला ते भ्याले होते. म्हणजे त्या मोडलेल्या लग्नात आपल्या सर्वांचाच वाटा होता. ज्या गावात सत्य सांगणारा एकटा पडतो, तिथे लोक लपवणारच.

एकटे न पाडणे अवघड नाही. गोव्यात डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांत एक अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावून देत, विचारपूस करीत, धीर देत. आजार तसाच राहिला, पण रुग्णाची सेवा करणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला.

तेव्हा आमचे मत असे: आपले भविष्य जाणून घेण्याची सक्ती कोणावरही नको. लहान मुलांची अशी चाचणी आईबापांनी करवू नये; तो निर्णय त्यांनी मोठे होऊन घ्यावा. आपल्या शब्दावर दुसऱ्याचे आयुष्य उभे राहणार असेल, तिथे खोटे नको. आणि सत्याचा आग्रह धरणाऱ्याने ते सोसणाऱ्याच्या घरी नंतरही जात राहावे. तेवढी तयारी नसेल, तर उपदेश करू नये. हे आम्ही आधी स्वतःला सांगतो.

नारायणगावच्या बाजारात कोणी झोकांड्या खात येताना दिसला, तर आधी हात द्या. तो पितो की नाही, हे मग पाहू.

तुमचे धर्मगुरू