दुसऱ्याचे मन आणि तंट्याची उकल

संतसज्जनहो, प्रपंचातल्या अडचणी दोन जातींच्या असतात. एक वस्तूची, दुसरी माणसाची. कौल फुटले तर बदलावे, नांगराचा फाळ मोडला तर लोहाराकडे न्यावा. तेथे फाळाच्या मनात काय आहे हे विचारण्याचे कारण पडत नाही. परंतु भाऊ बोलेनासा झाला, सून रुसली, शेजाऱ्याने बांध कोरला, तर तेथे नुसती हुशारी चालत नाही. पुष्कळ शहाणी माणसे दुसऱ्या जातीची अडचण पहिल्या जातीची समजून सोडवायला जातात, आणि गाठ सुटायच्या ऐवजी अधिकच आवळते. तेव्हा प्रश्न असा की, तंट्यातून वाट काढणारी जी युक्ती, ती जन्मते कोठून? बुद्धीच्या चपळाईतून, की दुसऱ्याचे मन ओळखण्यातून?

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणी आहे. विंझाई देवीचे ते ठाणे. पुढे घाट उतरला की कोकण लागले. तिथल्या पावसाचे काय वर्णन करावे! अशा मुलखात भाताची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात, आणि वरच्याचे पाणी खालच्यात उतरते. त्यावरून होणारा तंटा मावळातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आवणी उरकली आणि मुसळधार लागली की, वरचा आपला बांध वाचावा म्हणून पाणी सोडून देतो आणि खालच्याची रोपे उपटून जातात. पावसाने ओढ दिली की तोच वरचा पाणी अडवून धरतो. खालचा म्हणतो, "ह्यो मुद्दाम करतोय." वरचा म्हणतो, "माझा बांध गेला तर तू येणार हायेस का बांधायला?"

आता पंचांनी बसून पाण्याची निम्मी निम्मी वाटणी ठरवली, तर कागदावर न्याय झाला. पण पुढच्या पावसात भांडण पुन्हा उभे. त्यापेक्षा भर पावसात खालच्याला वरच्या बांधावर उभे करावे आणि वरच्याला खालच्या खाचरात. एकाला दिसते की पाण्याचा दाब केवढा आहे. दुसऱ्याला दिसते की रोपांनी अजून मूळ धरलेले नाही. मग कडेला दगड लावून सांडवा काढावा, पाणी रोपांवर न पडता ओहळाला जावे, ही गोष्ट सुचायला पंडित लागत नाही. दगड तेथेच होते, ओहळही तेथेच होता. दोघे एकमेकांचे तोंड पाहत होते तोवर ते कोणाला दिसले नाहीत, इतकेच.

याच गोष्टीचा थोर दाखला आपल्या देहूत आहे. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. मन विठ्ठलाकडे वळल्यावर लोकांकडून येण्याच्या रकमांची खते त्यांना गळफासासारखी वाटू लागली. ती इंद्रायणीत बुडवली, हे आपण सारे सांगतो आणि ऐकतो. परंतु त्या कथेतला एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. महाराजांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाटणीची निम्मी त्यांच्या हाती दिली आणि आपली निम्मी तेवढी डोहात सोडली. आम्हाला तर वाटते की, वैराग्यापेक्षाही येथे जाणतेपण मोठे आहे. महाराजांना त्या कागदांचा वीट आला होता, पण कान्होबांना तोच कागद म्हणजे मुलाबाळांच्या तोंडचा घास होता. आपल्या मनाचे माप भावाच्या मनाला लावले असते, तर सगळेच गाठोडे पाण्यात गेले असते, आणि एकाच्या पुण्यासाठी दुसऱ्याची चूल विझली असती.

येथे कोणी शास्त्र जाणणारा शंका घेईल की, "बुवा, गीतेने तर आत्मौपम्य सांगितले. आपल्यावरून दुसऱ्याचे सुखदुःख ओळखावे असे भगवंत म्हणतात, आणि तुम्ही म्हणता आपले माप लावू नये. हा विरोध नव्हे काय?" शंका योग्य आहे. समाधान असे की, आत्मौपम्य म्हणजे "मला जे रुचते तेच त्याला रुचते" असे नव्हे. मला गोड आवडते म्हणून मधुमेहाच्या रोग्याला बुंदी वाढणे हे काही आत्मौपम्य नाही. माझे दुःख मला जितके खरे आहे, तितकेच त्याचे दुःख त्याला खरे आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे दुःख कोणते, हे माझ्या दुःखावरून कळत नाही. ते त्यालाच विचारावे लागते.

विचारायचे कसे, हे आपल्या वारीने शिकवले आहे. माउलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबांनी शिस्त घालून दिली, तिच्यात संध्याकाळची समाजआरती आहे. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा अफाट समाज क्षणात स्तब्ध होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि त्याचा निवाडा होतो. कोणाची काय वस्तू हरवली वा सापडली, तेही तेथेच पुकारले जाते. यातली खुबी पाहा. बाकीच्या सर्वांनी गप्प राहायचे, म्हणजे ज्याला दुखते आहे त्याचाच आवाज ऐकू येतो. घरात आपण नेमके उलट करतो. एकाने टाळ वाजवला की दहाजण आपापले वाजवू लागतात, आणि दुखणे कोणाचे हे शेवटपर्यंत कळत नाही.

न विचारता काढलेली युक्ती कितीही अजब असली तरी काय होते, हे मुळशीच्या लोकांनी पाहिले आहे. पूर्वेकडे जाणारी मुळा नदी धरण घालून अडवायची, तिचे पाणी पश्चिमेला वळवायचे, सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडायचे आणि त्या पडण्यातून मुंबईसाठी वीज काढायची! टाटा कंपनीची ही योजना बुद्धीचे नवल होते, यात शंका नाही. परंतु ज्यांची खाचरे, घरे आणि देवळे पाण्याखाली जायची, त्या मावळ्यांचे मन कोणी पुसले नाही. १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापट त्याचे प्राण झाले. कंपनीच्या लेखी प्रश्न मोबदल्याचा होता. जमिनीचे मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांनाही तो हळूहळू मोबदल्याचाच वाटू लागला. कसणाऱ्या मावळ्याला मात्र प्रश्न जमिनीचा होता. धरण झाले, वीज झाली, सेनापती तुरुंगात गेले. लोखंड आणि पाणी यांची अडचण सुटली, पण माणसांची अडचण तशीच पाण्याखाली राहिली.

यावरून हेही दिसते की, दुसऱ्याचे मन ओळखणे म्हणजे त्याच्यापुढे मान तुकवणे नव्हे. सेनापती काही नमते घेणारे नव्हते. समजून घेऊनही "नाही" म्हणता येते.

आता शेवटची शंका, आणि ती सर्वांत अवघड. ठकालाही दुसऱ्याचे मन उत्तम कळते. गिऱ्हाईक कशाला भुलेल, भाऊ कशाला भिईल, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? मग त्यालाही जाणता म्हणायचे काय? आमचे उत्तर असे की, ठकाला माणूस कोठे कच्चा आहे ते कळते, आणि संताला तो कोठे दुखावला आहे ते कळते. बाहेरून ही दोन्ही ज्ञाने सारखी दिसतात. ओळखायची खूण एकच. काढलेल्या उपायाची झळ प्रथम कोणाला लागते ते पाहावे. तुकोबारायांनी आपल्या वाटणीचे कागद बुडवले. वरच्या खाचरवाल्याने सांडव्यासाठी आपल्या बांधाची हातभर जागा सोडली, तर त्याचे समजून घेणे खरे. सगळी झळ दुसऱ्याच्या पदरी घालून जो "मी तुझे मन जाणतो" म्हणतो, त्याच्या गोड बोलण्याला भुलू नये.

तेव्हा वारकरी हो, घरी वा गावात तंटा उभा राहिला, तर तोड सुचवण्याची घाई करू नये. आधी आपले टाळ खाली ठेवावेत, कोणाचा टाळ वाजतो आहे तिकडे जावे, आणि "बाबा, तुला काय झालं?" एवढे विचारून पुरते ऐकून घ्यावे. मग आपल्या पदरचे काय सोडता येईल ते पाहावे. पुष्कळदा वाट तेथूनच सापडते.