कौशल्य असेल तर हिशेब दाखव

"सर, पोकर हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. कोर्टानंच सांगितलंय." किती ताठ मानेनं बोललास! मग आता मान तशीच ठेव आणि ऐक. कोर्टापासूनच सुरुवात करू.

१९६७ साली आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सुप्रीम कोर्ट बोललं ते रमीबद्दल. गेलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला धरायचा नि कुठला टाकायचा ते ठरवावं लागतं, म्हणून रमीत कौशल्य जास्त. त्याच निकालात तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलंय. आणि जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर रमीतही गुन्हा होऊ शकतो, हेही त्यातच आहे. ते वाचलंस? पोकरवर तर हायकोर्टांचंच जमलं नाही. गुजरातनं २०१७ साली पोकर नशिबाचा म्हटलं, मद्रासनं २०२३ साली कौशल्याचा. तुला मद्रासचा निकाल पाठ आणि गुजरातचा ठाऊकच नाही. सोयीचं तेवढं वाचायचं आणि उरलेलं ऑप्शनला टाकायचं, ही तुझी दहावीतली खोड अजून गेलेली नाही.

बरं, हा सगळा वाद आता शिळा झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात स्वच्छ लिहिलंय की पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. ड्रीम-इलेव्हन, एमपीएल, पोकरबाझी यांनी पैशांचे खेळ आपणहून बंद केले. तुझ्यापेक्षा शंभरपट महागडे वकील असलेल्या कंपन्यांनी टेबलं आवरली. काही जण कोर्टात भांडताहेत, भांडू देत. पण तू? तू काय केलंस?

तू टेलिग्रामवर एजंट शोधलास. व्हीपीएन टाकलंस. आणि मला वर तोंड करून सांगतोस, "पण सर, खेळणाऱ्याला शिक्षा नाहीये."

वा! अख्ख्या कायद्यातली एवढी एकच ओळ तुला सापडली. हो, नाही खेळणाऱ्याला शिक्षा. कायदा करणाऱ्यांनी तुला गुन्हेगार नाही, गिऱ्हाईक मानलं. नागवला गेलेला माणूस मानलं. त्यात छाती फुगवण्यासारखं काय आहे? आणि तू नुसता खेळतोस का रे? मागच्या महिन्यात दोन मित्रांना लिंक कोणी पाठवली? त्यांच्या भरण्यावर तुला बोनस मिळाला ना? त्याला खेळणं म्हणत नाहीत. या धंद्याला हातभार लावणं, दुसऱ्याला त्यात ओढणं हाही त्या कायद्यात गुन्हा आहे, आणि पोलीस त्यासाठी वॉरंटशिवाय उचलू शकतात. तो एजंट म्हणाला, "तुमचं बचत खातं द्या, दर व्यवहाराला टक्केवारी देतो." दिलं नाहीस म्हणतोस. विचार करतोयस, एवढं मात्र कबूल केलंस. यात विचार करण्यासारखं काय आहे? ते खातं तुझ्या नावावर, पॅन तुझा, आधार तुझा. त्यातून कोणाचे पैसे फिरतील ते तुला कधी कळणारही नाही. पोलीस खारेगावात तुझ्या दारात येतील. एजंटचं खरं नाव तरी ठाऊक आहे का तुला?

बाकी खातं भाड्यानं न देताही तू आगीत हात घातलेलाच आहेस. हे एजंट जिंकलेले पैसे कुठून देतात? रोज वेगळ्या नावाच्या खात्यातून. त्यातले काही कोणा म्हाताऱ्याला फसवून काढलेले असतात. तो म्हातारा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि पैसा ज्या ज्या खात्यातून गेला ती साखळी गोठवायला सुरुवात होते. साखळीत तुझं पगाराचं खातं असलं की संपलं. हप्ता परत, आईच्या औषधाचे पैसे अडकलेले, आणि तू कुठल्यातरी परराज्यातल्या सायबर ठाण्याला ई-मेल करत बसलायस, की साहेब, ते पाच हजार मला पोकरमध्ये मिळाले होते. लिहिशील असं? सही करून?

आणि ते मनीषानगरमधलं शनिवारचं टेबल. "ते तर घरगुती आहे सर." घरगुती? यजमान प्रत्येक डावातून कट काढतो ना? मग त्याचं घर राहिलं नाही, अड्डा झाला. आपल्याकडे १८८७ सालापासून जुगारबंदीचा कायदा आहे. त्याचं कलम चार अड्डा चालवणाऱ्यासाठी आणि पाच तिथं सापडणाऱ्यासाठी. डाव चालू असताना तिथं सापडलास की खेळायलाच आलास असं धरून चालतात. उलट सिद्ध करायचं तुझं तू. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम तेरानं सूट आहे, ठाऊक आहे मला. ती मिळते की नाही हे रात्री दोन वाजता कळवा पोलीस ठाण्यात उभं राहून वाद घालून पाहणार आहेस का? तुझ्या कंपनीच्या एचआरला नंतर काय सांगणार?

आता कौशल्याकडे येऊ. तो तर माझा विषय. संभाव्यतेचा धडा मी तुला फळ्यावर शिकवला, पत्त्यांचीच उदाहरणं घेऊन. पहिल्या बाकावर बसून तूच पटापट उत्तरं द्यायचास. सांग, पहिल्या दोन पत्त्यांत दोन्ही एक्के यायची शक्यता किती? २२१ मध्ये एक. ते आले आणि समोर दोन राजे असले, तरी पाच वेळांत जवळजवळ एकदा तू हरणार. हे तुला येतं. येतं म्हणूनच राग येतो. न येणारा हरला तर मी त्याला समजावीन. तुला गणित येतं आणि तरी हरलास की म्हणतोस "बॅड बीट". अठरा टक्के घडणारी गोष्ट घडली, त्यात बॅड काय? आणि मग चिडून दुप्पट बाय-इन लावतोस. त्याला तुम्ही टिल्ट म्हणता. आमच्या भाषेत त्याला बुडत्याचा पाय खोलात म्हणतात.

एक साधी बेरीज कर. टेबलवाला प्रत्येक डावातून रेक कापतो. कोणी जिंको, कोणी हरो, त्याला फरक पडत नाही. धर, सरासरी शंभर रुपये. तासाला साठ डाव म्हणजे सहा हजार. रात्री दहा ते दोन, चोवीस हजार. टेबलावर सहा जण. म्हणजे पहाटे उठताना सहा जणांच्या खिशातून मिळून चोवीस हजार कमी झालेले असतात, आणि तरी सकाळी तुमच्यातले चार जण म्हणतात, "मी थोडा प्लसमध्ये होतो." कसे रे? हे गणित कुठल्या बोर्डाचं?

कंपन्या कायदेशीर होत्या तेव्हाही हेच होतं, वर सरकारचा वाटा वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस, पहिल्या रुपयापासून. एका वर्षी जिंकलास तर कर भर, पुढच्या वर्षी हरलास तर तो तोटा कशातूनही वजा होत नाही. म्हणजे समोरच्या पाच जणांना हरवायचं, रेकला हरवायचं आणि मग कराला. जगात असे लोक आहेत, नाही म्हणत नाही. ते प्रत्येक डावाची नोंद ठेवतात. तू काय ठेवतोस? जिंकलेल्या रात्रीचे स्क्रीनशॉट.

कौशल्य असेल तर हिशेब दाखव. तीन वर्षांत किती भरले, किती काढले? आकडा सांग. "अंदाजे बरोबरीत असेन" हे उत्तर मला नको. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांचा ताळा करतोस, त्याचा पगार घेतोस. स्वतःचं स्टेटमेंट उघडायला मात्र हात थरथरतो. कारण तुला आकडा माहीत आहे. बेरीज न करताच माहीत आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला ड्रीम-इलेव्हनवर दीड कोटी लागले. ती बातमी तुम्ही ग्रुपवर फिरवलीत. काही दिवसांतच ते निलंबित झाले, ती कोणी फिरवली? त्याच वर्षी नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात अठ्ठावन्न कोटी घालवल्याची तक्रार दिली. पोलिसांचा तपास थेट गोंदियाला पोचला. त्या व्यापाऱ्यालाही सुरुवातीला जिंकू दिलं होतं. तुला पहिल्या आठवड्यात नऊ हजार मिळाले होते ना?

तुझे आजोबा असते तर तुला मटक्याचं सांगितलं असतं. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी तो सुरू केला. कल्याण मटका हे नाव त्यांच्यावरून पडलं, आपल्या शेजारच्या कल्याण स्टेशनाचा त्यात काही दोष नाही. गिरण्यांतले, कारखान्यांतले लोक जिन्याखाली बसून आकडे लावायचे. त्यांच्याकडेही चार्ट होते, जोड्यांचे तक्ते होते, "आज अमुकच येणार" असं सांगणारे जाणकार होते. तुझ्याकडे सॉल्व्हर सॉफ्टवेअर आहे आणि युट्यूबवरचे गुरू. पण त्या माणसाला आपण जुगार खेळतोय हे कबूल होतं. बायकोपासून लपवताना तो मान खाली घालायचा. तू इंग्रजीत त्याला करिअर म्हणतोस.

गोव्याचं उदाहरण देऊ नकोस. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी करायला ज्या सरकारनं परवाने दिले, त्यानंच २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना त्या जहाजांवर जायला बंदी घातली. पाहुण्यांनी पैसे घालवावेत, घरच्यांनी नको. यातून काय समजायचं ते तू समजशील, एवढा ढ नाहीस.

आता काय करायचं ते सांगतो. एकदाच. जुन्या गेमिंग कंपनीच्या खात्यात शिल्लक असेल तर ती काढून घे आणि खातं बंद कर. व्यवहारांचं स्टेटमेंट उतरवून ठेव. तुझ्या नावावर टीडीएस कापलेला आहे, तो आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात, एआयएसमध्ये, दिसतो. रिटर्नमध्ये लपवू नकोस, लपत नाही. टेलिग्रामवरचा एजंट ब्लॉक कर. त्याच्याकडे अडकलेले बारा हजार गेले असं धर. ते सोडवायला आणखी पाच हजार "प्रोसेसिंग" भरशील तर माझ्याकडे येऊ नकोस. फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार कर, उशीर न करता. युपीआयची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घे. लोन अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज दुसऱ्या लोन अ‍ॅपनं फेडायचं नाही. कळलं? शनिवारी संध्याकाळी मनीषानगरला नाही, दुसरीकडे कुठंही जा.

आणि हे सगळं ठरवूनही रात्री हात मोबाइलकडे गेलाच, तर ती इच्छाशक्तीची परीक्षा समजू नकोस. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, कळव्याहून अर्ध्या तासाचा रस्ता. त्या पाटीखालून आत जायला लाज वाटते? एजंटसमोर "भाऊ, अजून दोन दिवस द्या" म्हणताना वाटली नाही ती?

तुझ्या वडिलांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करून तुला शिकवलं. त्यांना अजून वाटतं की घराचा हप्ता ऑफिसच्या गोंधळामुळं चुकला. मी त्यांना काही सांगणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल, आकड्यासकट. स्टेटमेंटची बेरीज आज रात्री कर आणि उद्या सकाळी, ते चहा घेत असताना, त्यांच्यासमोर ठेव.