जातिवंत

चांगल्या जनावराला आपण ‘जातिवंत’ म्हणतो. गुण रक्तातून येतात, असा निवाडा त्या शब्दातच देऊन टाकलेला असतो. मेंढीच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात सुंदरबनातली गारोल मेंढी दख्खनच्या माळावर आणली. गारोल चणीने लहान, पण एका वेतात दोन-तीन कोकरे देणारी. दख्खनी मेंढी अंगाने मोठी, पण बहुधा एकच कोकरू देणारी. दोघींच्या संकरातून ‘नारी सुवर्णा’ घडली. जुळ्यांचा हा गुण एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलामुळे येतो, हे २००१ साली कळले. रक्ताची बाजू एवढी भक्कम आहे.

पण मेंढी एकटीने गवत पचवत नाही. कोटीपोटातले असंख्य सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर ती जगते. ही वस्ती कोकराला आईच्या चाटण्यातून, सडांवरून, कळपातून, कुरणातून मिळत जाते. तिच्यावर वंशाचाही अंमल असतो, पण पुरता नाही. सुबाभळीचा पाला हवाईतल्या शेळ्यांना बाधत नसे, ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना बाधे. १९८०च्या दशकात रेमंड जोन्स यांनी त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि त्यांनाही पाला सोसू लागला. रक्त होते तेच राहिले.

म्हणून संकराचा हिशेब नुसत्या जनुकावर मिटत नाही. गाभणपणाच्या अखेरीस जुळी कोकरे कोटीपोटाला दाबतात. चारा जास्त हवा असतो तेव्हाच पोटात जागा कमी उरते. मेंढपाळाला एक कोकरू जास्त मिळणे ही खरी कमाई आहे, पण चारा नसेल तर तिची किंमत मेंढी आपल्या अंगावरच्या मांसाने चुकवते. जनुक मेंढ्याबरोबर गावोगाव नेता येतो, गवत नेता येत नाही. जो नवा गुण देतो, त्याच्याकडे त्या गुणाला लागणारा चाराही मागायला हवा.

संकर नको, मूळ जात शुद्ध ठेवा, असे म्हणणाराही यातून सुटत नाही. गायराने आटत असताना नुसते रक्त राखले, तर दख्खनी मेंढीचे अर्धेच जतन होते. सुधारणारा आणि राखणारा दोघेही रक्ताकडेच पाहतात. मेंढी कशावर चरते, याचे उत्तर दोघांनीही द्यायचे आहे.