तराजू, सोने आणि भट्टीतील सेन्सर

मद्याच्या ऊर्ध्वपातनावर, म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करून अर्क वेगळा काढण्याच्या क्रियेवर, आज अनेक ठिकाणी सेन्सर देखरेख ठेवतात. वाफेचे तापमान, अर्काची घनता आणि तिच्यावरून काढलेली तीव्रता पडद्यावर क्षणाक्षणाला उमटत राहते, आणि भट्टीवरचा माणूस नाकाजिभेऐवजी त्या आकड्यांकडे पाहून निर्णय घेतो. या बदलाची चर्चा बहुधा जुनी कारागिरी टिकेल की बुडेल एवढ्यापाशीच थांबते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनाने होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. सेन्सरचा आकडा यांपैकी कशात बसतो, आणि तो खरा असल्याची हमी कोण देतो?

या प्रश्नाला धार येते ती ऊर्ध्वपातनाच्या स्वरूपामुळे. शुद्ध इथेनॉल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना, परंतु दोहोंच्या मिश्रणाला असा एकच ठरलेला उत्कलनबिंदू नसतो. मद्यार्क जसजसा उडून जातो तसतसे उरलेल्या द्रवाचे तापमान चढत जाते. शिवाय आंबताना त्या द्रवात इतर द्रव्येही तयार झालेली असतात. आधी येणाऱ्या धारेत ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट यांसारखी उग्र वासाची द्रव्ये अधिक असतात, मधली धार पिण्याजोगी असते, आणि शेवटच्या धारेत फ्यूजेल तेल या नावाने ओळखले जाणारे जड मद्यार्क वाढत जातात. (‘पहिल्या धारेची’ म्हणून बोलीने जिला अस्सलपणाचा मान दिला, तिचाच आरंभीचा भाग जाणता भट्टीवाला बाजूला काढतो, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.) या तिन्ही धारा एकाच नळीतून, सारख्याच रंगहीन येत असल्यामुळे एक कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे डोळ्यांना सहसा दिसत नाही, ते ठरवण्यातच सारे कसब असते.

आता सेन्सर नेमके काय करतो ते पाहावे. वाफेत बसवलेल्या तापमापकात प्लॅटिनमची बारीक तार असते, तिचा विद्युतरोध शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो. यंत्र मोजते तो हा रोध. घनता मोजणाऱ्या यंत्रात अर्क एका वाकड्या नळीतून वाहतो, नळी सतत कंप पावत असते, आतला द्रव जितका जड तितका कंप मंदावतो, आणि त्या कंपावरून घनता, घनतेवरून तीव्रता काढली जाते. न्यायमताने प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियाचा वस्तूशी संनिकर्ष होऊन उपजणारे ज्ञान. येथे मद्यार्काशी कोणाच्याही इंद्रियाचा संबंध आलेला नाही. संबंध आला तो तारेचा, आणि माणसाला दिसला तो आकडा. म्हणून सेन्सरला लांबवलेले इंद्रिय म्हणणे आकर्षक असले तरी बरोबर नाही. त्याचा आकडा हा हेतू आहे, म्हणजे धुरावरून अग्नी ओळखावा तसे अनुमानाचे चिन्ह आहे.

अनुमान उभे राहते ते व्याप्तीवर, म्हणजे चिन्ह आणि चिन्हित यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर. आणि व्याप्तीला घात करतो तो उपाधी, म्हणजे लक्षात न घेतलेली अट. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण असे की, धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष ठरते, पण अग्नीवरून धुराचे ठरत नाही, कारण धूर येण्यासाठी ओले सरपण ही अट लागते. वाफेच्या तापमानावरून मद्यार्काची तीव्रता काढताना असाच एक उपाधी वायुदाबाच्या रूपाने लपलेला असतो. वादळी हवेत दाब उतरला किंवा भट्टी डोंगरावर असली की तोच द्रव कमी तापमानाला उकळतो, आणि तीव्र अर्काच्या टोकाला तर अंशाच्या काही दशांशांत तीव्रतेचा मोठा टप्पा सामावलेला असल्यामुळे आकडा बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो. घनतेचेही तसेच आहे. अर्कात साखर विरघळलेली असेल तर घनता वाढते आणि तीव्रता आहे त्याहून कमी दिसते. यंत्र यात खोटे बोललेले नसते. दोष व्याप्तीत असतो, आणि उपाधी ओळखणे हे यंत्र बसवणाऱ्याचे काम आहे.

मग यंत्राची पारख कशाने करावी? दुसऱ्या यंत्राने केली तर त्याची पारख तिसऱ्याने करावी लागेल, आणि या मालिकेला शेवट राहणार नाही. यालाच अनवस्था म्हणतात. प्रमाणे वस्तूंना सिद्ध करतात, तर प्रमाणांना कोण सिद्ध करते, हा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने घेतलेला आक्षेप याच जातीचा होता. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अशा आक्षेपाला उत्तर देताना तराजूचा दाखला येतो. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार सोन्याचे वजन करताना तराजू प्रमाण असतो व सोने प्रमेय, म्हणजे ज्ञानाचा विषय. पण तराजूबद्दलच शंका आली तर ज्याचे वजन माहीत आहे अशा सोन्याने तराजूच तपासला जातो आणि भूमिका उलटतात. प्रमाण असणे हा वस्तूचा जन्मजात गुण नसून त्या त्या वेळची भूमिका आहे, हे या दाखल्याचे मर्म आहे, आणि आधुनिक मापनशास्त्रात ज्याला अंशांकन म्हणतात त्याचे इतके नेमके तात्त्विक समर्थन दुसरीकडे क्वचितच सापडेल.

गोव्यातील काजूच्या भट्टीवर ही अदलाबदल प्रत्यक्ष पाहता येते. बोंडूंचा रस आंबवून पहिल्यांदा काढलेला अर्क म्हणजे हुर्राक, आणि तो पुन्हा भट्टीवर चढवून निघते ती फेणी; २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. फेणीची तीव्रता ग्राव या मापात सांगण्याची रीत तेथे आहे, त्यासाठी द्रवात तरंगणारा घनतामापक वापरतात, आणि त्याच्या जोडीला फेणी उंचावरून ओतून वर उठणारे बुडबुडे किती वेळ टिकतात तेही पाहिले जाते. बुडबुडे आणि आकडा यांचे पटले नाही तर संशय कोणावर घ्यायचा, हे अनुभव ठरवतो. कधी मापक फुटका निघतो, कधी अर्कच बिघडलेला असतो.

मात्र यावरून नाक हेच अखेरचे सोने, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. मिथेनॉल हा विषारी मद्यार्क वासाने इथेनॉलपासून ओळखणे दुरापास्त असते. घनतामापकही तेथे आंधळा असतो, कारण २० अंशांना इथेनॉलची घनता प्रति मिलिलिटर ०.७८९ ग्रॅम आणि मिथेनॉलची ०.७९२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सारखीच. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ते विष ओळखायला अर्कातील घटक वेगवेगळे करून दाखवणारे वायुवर्णलेखनासारखे तंत्रच हवे. पण पिणारा ते तंत्र वापरत नाही. त्याच्या हाती असतो तो विकणाऱ्याचा शब्द.

येथे चौथे प्रमाण येते. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि वात्स्यायनाने आप्ताची दोन लक्षणे मानली: त्याने वस्तू साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते असेही तो सांगतो. स्कॉटलंडच्या व्हिस्की-भट्ट्यांत या दुसऱ्या लक्षणाबद्दलचा अविश्वास एका वस्तूच्या रूपाने उभा आहे. पितळी चौकटीच्या कुलूपबंद काचपेटीतून सारा अर्क वाहतो, आत घनतामापक आणि तापमापक असतात, आणि बाहेरच्या मुठी फिरवून भट्टीवाला धार हव्या त्या टाकीकडे वळवतो. अर्क मधल्या धारेपर्यंत आला का हे पाहण्यासाठी पेटीतच त्यात पाणी मिसळण्याची रीत आहे. मिश्रण दुधाळ झाले तर अजून अवकाश आहे, नितळ राहिले तर धार वळवायची. भट्टीवाल्याला अर्काला हात लावता येत नसे, कारण १९८३ पर्यंत पेटीची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असे. कर बुडवण्याचा मोह ज्याला होऊ शकतो त्याच्या जिभेपेक्षा मोह नसलेल्या काचेवर विश्वास ठेवावा, असा त्यामागचा हिशेब होता, आणि आजच्या सेन्सरच्या नोंदवहीमागेही तोच आहे. परंतु लोभ नसणे आणि खरे सांगण्याची इच्छा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सेन्सरपाशी पहिली आहे, दुसरी नाही. स्वयंचलित झडप कोणत्या आकड्यावर वळवायची हे नळीतली घनता सांगत नाही. तो आकडा आधी कोणीतरी हुंगून, चाखून ठरवलेला आणि यंत्रात भरलेला असतो. तो दोन टक्क्यांनी खाली ओढला तर शेवटच्या धारेचा काही भाग मधल्या धारेत जमा होतो, त्याच भट्टीतून माल जास्त निघतो, सेन्सर पूर्वीइतकाच अचूक राहतो आणि वहीतली प्रत्येक नोंदही खरीच असते.