रिकामी खुर्ची

लांबच्या विमानप्रवासात एके काळी चालककक्षात पाच माणसे असत. बिनतारी संदेशवाला गेला, मार्गदर्शक गेला, मागाहून इंजिनिअरही गेला. उरले दोन वैमानिक. आता त्यांतलाही एक कमी करावा, असा विचार पुढे आला आहे. आजच्याइतकी सुरक्षितता त्यात सिद्ध होत नाही, असे युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये सांगितले. पण यंत्रे उद्या सुधारतील. प्रश्न त्यांच्यापुरता नाही.

२००९ साली न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या धडकेने विमानाची इंजिने निकामी झाली. एका वैमानिकाने विमान सावरले, दुसरा इंजिने चालू करण्याची खटपट करीत राहिला. हडसन नदीत उतरून १५५ जण वाचले.

दुसरी खुर्ची रिकामी असती तर? शिकागो करारातील नियमांनी सुरक्षिततेचा भार प्रमुख वैमानिकावर टाकला आहे. १९९९ च्या माँट्रियल करारान्वये नुकसानभरपाई विमानकंपनी देते. म्हणजे पैसे कंपनीचे, दोष माणसाचा! पण 'थांब, चुकतोस' म्हणणारा सोबतीच ज्याच्यापासून काढून घेतला, त्याची चूक त्याच्या एकट्याची कशी? खुर्ची रिकामी करता येते, तिच्यावरची जबाबदारी नव्हे. ती खुर्ची काढणाऱ्याकडे जाते. कायद्याने हे आधीच लिहून ठेवावे.