साधी गाठ

'गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही,' असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. किनवट असो की निलंगा, पुढचे वाक्य ठरलेले असते : 'मग राहू द्या.' नैतिक प्रश्न सुरू होतो तो इथेच.

साधी म्हणजे काय? ती शरीरभर पसरत नाही, एवढेच. पण छाती हा हाडांचा पिंजरा आहे. हृदय, श्वासनळी, मोठ्या रक्तवाहिन्या तिथे आधीच दाटीने राहतात. वर्षानुवर्षे सावकाश वाढणारी गाठ कुणाचे वाईट चिंतत नाही. ती फक्त जागा घेते. त्यापायी एक दिवस माणसाला उताणे झोपणेही जड होते. आपण कृतीचा न्याय नियत पाहून करतो. गाठीला नियतच नसते, तरी श्वास कोंडतोच.

म्हणून लगेच शस्त्र उचलावे काय? मोठी गाठ काढताना अनेकदा छातीचे मधले हाड उभे कापावे लागते. भूल देताच स्नायू सैल पडतात आणि गाठीचा भार श्वासनळीवर येऊ शकतो. कॉर्डोबाचे शल्यवैद्य अल-जहरावी यांनी इ. स. १०००च्या सुमारास आपल्या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापली, धमन्या तुटल्या आणि ती तिथेच दगावली. शरीररचना न जाणता शस्त्र धरू नये, हा त्यांचा इशारा आजही खरा आहे.

गरिबाच्या 'राहू द्या'मागे बहुधा पैसा असतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात नांदेड होते. शेजारच्या लातूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. रोगाला जिल्ह्याची शीव कळत नाही, सोयीला मात्र कळते. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

पैशाची सोय झाली तरी एक प्रश्न उरतो : ठरवायचे कोणी? बैठकीत भाऊ, दीर, मामू बोलतात. जिच्या छातीत गाठ आहे ती आत चहा करत असते. शरीर ही अमानत आहे असे आपण म्हणतो. मग धोका दोन्हीकडचा तिला समजावून सांगा आणि तिला बोलू द्या. 'राहू द्या' हाही निर्णयच आहे. तो घ्यायचाच असेल तर तिने घ्यावा.