कायक्लेश आणि दंतवैद्याचे कर्म

शरीराची पीडा सोसून केलेले परोपकारी कर्म त्या पीडेमुळे अधिक श्रेष्ठ ठरते काय, हा प्रश्न धर्मचिंतनात बहुधा तपस्व्यांच्या संदर्भात विचारला जातो. परंतु इतरांच्या वेदना दूर करता करता स्वतःची मान, खांदे, कंबर आणि मनगटे दुखावून घेणाऱ्या दंतवैद्याच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात व्यवसायजन्य व्याधींची दोन मुख्य कारणे सांगितली : हाताळावे लागणारे घातक पदार्थ, आणि शरीराच्या अस्वाभाविक हालचाली व बैठका. दंतवैद्याचे दुखणे यांपैकी दुसऱ्या कारणातून उद्भवते.

वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू वस्तुतः आरशात पाहून कोरावयाची असते. पण फिरत्या हत्यारासोबत येणारा पाण्याचा फवारा आरशावर उडतो, बाहेर रुग्ण खोळंबलेले असतात, आणि मग वैद्य मान खाली घालून व एका अंगाला वळवून थेट पाहू लागतो, कोपर अंगापासून दूर उचललेले राहते आणि चिमटीत घट्ट धरलेले हत्यार बोटांची पकड सैल होऊ देत नाही. या अवस्थेत स्नायूंवर स्थिर भार, म्हणजे हालचालीविना दीर्घकाळ आकुंचित राहण्याचा ताण पडतो आणि त्यांतील रक्तप्रवाह मंदावतो. पतंजलींनी आसनाच्या व्याख्येत स्थैर्य आणि सुख ही दोन्ही लक्षणे एकत्र सांगितली आहेत; येथे स्थैर्य तेवढे उरते.

हे सोसण्याला सेवाभावाचे नाव देणाऱ्यांना गीतेच्या अठराव्या अध्यायात आधार सापडतो, कारण कायक्लेशाच्या, म्हणजे शारीरिक त्रासाच्या, भयाने कर्म सोडणे हा तेथे राजस त्याग ठरविला आहे. मात्र त्याच अध्यायात अनुबंध (पुढे होणारा परिणाम), क्षय, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस म्हटले आहे, आणि सतराव्या अध्यायात शरीराला कृश करणाऱ्या अविचारी तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे. दंतवैद्याला कर्म सोडावयाचे नसून ते करण्याची रीत बदलावयाची असते, त्यामुळे पहिला आक्षेप त्याला लागूच पडत नाही. चरकसंहितेनेही मनुष्याच्या तीन एषणा, म्हणजे मूलभूत इच्छा, सांगताना प्राणैषणा धन आणि परलोक यांच्या आधी ठेवली आहे.

तरीही एक अडचण उरते. वैद्याची मान सरळ राहावी म्हणून खुर्ची अधिक आडवी करून रुग्णाला डोके मागे टाकावयास व वळवावयास सांगावे लागते, आणि वृद्ध रुग्णाला असे सांगताना वैद्य संकोचतो. मानेचा विकार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा संकोच योग्यच आहे. अन्यत्र मात्र, रुग्णाची क्षणभराची गैरसोय आणि वैद्याचा वर्षानुवर्षांचा झिजणारा सांधा एकाच तराजूत घातले, तर तो भिडेपेक्षा अधिक काही नसतो. दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर काम करणाऱ्या तरुण वैद्याला तर स्टूल, दिवा किंवा दोन रुग्णांमधील अवकाश यांपैकी काहीच निवडता येत नाही. तेथे अनुबंध आणि हिंसा यांचा विचार करण्याचे दायित्व वेळापत्रक आखणाऱ्या मालकाकडे जाते, आणि त्या मालकाला सेवाभावाची सबब पुढे करण्याचा अधिकार तर मुळीच नाही.